गोव्याची किनारपट्टी : नियमांची पंचेचाळीस वर्षं

गोव्याच्या किनाऱ्यावर पहिला मोठा लढा उभा राहिला तो मासळीसाठी. सत्तरच्या दशकात ट्रॉलर काठाजवळ येऊन मासळी खरवडून नेऊ लागले आणि काठावरून जाळं ओढणाऱ्या रापणकारांच्या जाळ्यात काही उरेना. मतान्ही साल्ढाणांसारखे नेते त्यांच्या बाजूने उभे राहिले, मोर्चे निघाले, उपोषणं झाली. 1980 मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा आला, तो या रेट्यामुळेच. पुढचा सगळा इतिहास वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. इथला जो नियम टिकला, त्याच्यामागे गावातलं कुणीतरी पाय रोवून उभं होतं.

दिल्लीतून आलेले नियम वेगळ्या वाटेने आले. 1981 मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत बांधकाम नको असं कळवलं. दहा वर्षांनी, फेब्रुवारी 1991 मध्ये, किनारी नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, अधिसूचना निघाली. पंचतारांकित हॉटेलांना त्यामुळे काहीसा लगाम बसला. पण वाळूवरच मांडल्या जाणाऱ्या धंद्याचं काय करायचं, हा प्रश्न राहिलाच.

तो धंदा म्हणजे शॅक. बांबू, माडाच्या झावळ्या, फळ्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. पाऊस ओसरला की उभी करायची, मे अखेरीस उतरवायची. सोडतीने परवाना मिळतो आणि तो स्थानिकालाच मिळावा असं धोरण आहे. 2011 च्या नव्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी आल्या आणि सप्टेंबर ते मे या काळातल्या हंगामी बांधकामांना जागा मिळाली. ही तरतूद मला योग्यच वाटते. मासेमारीवर भागेना तेव्हा अनेक कुटुंबांनी शॅकवर मुलं शिकवली. पुढे मात्र परवाना एकाच्या नावावर आणि गल्ल्यावर दुसराच, अशी पोटभाड्याची पद्धत फोफावली. 2023 च्या धोरणात शॅकमध्ये गोव्याचं जेवण ठेवणं बंधनकारक झालं. शीतकडी फलकावर आली खरी, पण परवाना पोटभाड्याने दिलेला असेल तर तिचे पैसे जातात कुठे?

आणि शॅकच्या पुढ्यातल्या खाटा! रापण ओढायला मोकळा किनारा लागतो. होडी समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळं सोडत जाते, मग दोन्ही टोकांना माणसं दोर धरून मागे मागे सरकत ते काठावर आणतात. त्या सरकण्याच्या वाटेत खाटांच्या आणि छत्र्यांच्या रांगा आल्या की रापण थांबते. शॅकला मोजून जागा दिलेली असते. रापणीला मात्र कुणी जागा मोजून दिलेली नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिला ती मागावी लागली नव्हती.

गाण्याबजावण्याची कथा आणखी गुंतागुंतीची. नव्वदच्या दशकात हणजूण-वागातोरला रात्रभर पार्ट्या चालत. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावरचे ध्वनिक्षेपक बंद केले. पाळोळ्याला त्यावर कानाला हेडफोन लावून नाचायच्या पार्ट्या निघाल्या. कुणाची झोप मोडत नाही आणि धंदाही चालतो, असा तोडगा निघू शकतो हे तिथे दिसलं. सनबर्नने मात्र दुसरा रस्ता धरला. 2007 मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालेला हा महोत्सव वागातोरला गेला, मध्येच पुण्याकडे वळला, परतला आणि 2024 मध्ये समुद्रापासून दूर, पेडण्यातल्या धारगळला भरला. तिथेही गावातून विरोध झाला. ज्या गावात हजारो माणसं येणार, त्या गावाला आधी विचारायचं की परवानगी देऊन झाल्यावर कळवायचं, हा वाद जागा बदलून मिटत नाही.

मोरजीला वेगळं घडलं. तिथल्या टेंबवाड्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून वन खात्यासोबत गावकरी घरट्यांभोवती जाळी लावून पहारा देत आले आहेत. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा उजेडाच्या दिशेने जातात. शॅकचा एक प्रखर दिवासुद्धा त्यांना समुद्राऐवजी रस्त्याकडे नेतो. 2011 च्या अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग ही नावं कासवांचे किनारे म्हणून आली, त्याच्या कितीतरी आधीपासून हा पहारा चालू होता.

अलीकडची धाव दंडाकडे आहे. 2001 च्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली. उघड्यावर दारू पिणं किंवा स्वयंपाक करणं यासाठी एकट्याला 2,000 आणि गटाला 10,000 रुपये दंड ठरला. 2025 मध्ये दंडाची मर्यादा 1 लाखापर्यंत नेली. फुटलेल्या बाटलीने पाय कापलेल्या कुणालाही या दंडाचं वाईट वाटणार नाही. पण बाटली फोडणारा पर्यटक पकडणं सोपं आहे. बांधकामाला मनाई असलेल्या ना-विकास क्षेत्रातलं सिमेंट पाडणं अवघड आहे. हणजूणच्या 175 बेकायदा आस्थापनांना टाळं ठोकायला 2024 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला नकाशा तर कायम उशिरा आला. 2011 च्या अधिसूचनेनुसारचा गोव्याचा किनारी व्यवस्थापन आराखडा 2022 मध्ये मंजूर झाला. तोवर 2019 ची नवी अधिसूचना येऊन बसली होती आणि दाट वस्तीच्या गावांत ना-विकास क्षेत्र 200 वरून 50 मीटरवर आणायची वाट तिने खुली केली होती. तिच्यानुसार आराखडा करताना होड्या ओढायच्या जागा, जाळी वाळवायची जागा, रापणीचा पट्टा आणि कासवांची घरटी ग्रामसभेत बसून आधी नकाशावर उतरवा. शॅक, खाटा आणि मंच यांची आखणी उरलेल्या वाळूत करा.