स्वादुपिंडदाह आणि दुर्बिणीचा उपचार : काही गैरसमज

पोटाच्या वरच्या भागात उठून पाठीत भिनणारी असह्य वेदना घेऊन अंबड, मंठा किंवा भोकरदनचा जो रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अथवा निजामी अंमलापासूनच्या वहिवाटीप्रमाणे रेल्वेने हैदराबादला नेला जातो, त्याच्या आप्तांच्या तोंडी बहुधा एकच मागणी असते : पोट उघडा आणि सगळी घाण एकदाची काढून टाका. मागणी मायेपोटीची खरी. परंतु ती घातक आहे.

पित्तखडे अथवा मद्य यांमुळे बहुधा उद्भवणारा स्वादुपिंड या ग्रंथीचा हा दाह बहुसंख्य रुग्णांत सलाईन व वेदनाशामकांनी शमतो. काहींत मात्र ग्रंथीचा अंश मृत होऊन भोवती द्रव साचतो, आणि या संचयाभोवती दृढ भित्तिका तयार होण्यास साधारणतः चार आठवडे लागतात. त्या मुदतीत डॉक्टर थांबतात ती हयगय नव्हे. नेदरलंड्समधील २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संचयाला जंतुसंसर्ग होऊनही ज्यांचा निचरा लांबणीवर टाकला, त्यांपैकी ३९ टक्के रुग्णांचे केवळ प्रतिजैविकांवर भागले. त्रास न देणाऱ्या संचयाला तर हातच लावावयाचा नसतो. रुग्णाला दिवसेंदिवस उपाशी ठेवल्याने ग्रंथीला विसावा मिळतो, हा समजही आता मागे पडला आहे. सोसेल तितके अन्न लवकर सुरू करणेच हितावह ठरते.

दुर्बीण केवळ पाहण्यासाठी असते, ही दुसरी समजूत. जठरात उतरविलेल्या नळीच्या टोकाशी ध्वनिलहरींचे सोनोग्राफी यंत्र असते. त्याच्या साहाय्याने रक्तवाहिन्या चुकवून जठराच्या भिंतीतून संचयात सुई घालतात, आणि त्या वाटेवर डमरूच्या आकाराचा, मध्ये निमुळता व दोन्ही टोकांस पसरट असा धातूचा स्टेंट बसवितात, म्हणजे पू व द्रव जठरात उतरू लागतो. तेवढ्याने भागले नाही, तर त्याच वाटेने आत शिरून मृत ऊती तुकड्यातुकड्याने ओढून काढाव्या लागतात, आणि त्यासाठी अनेक खेपा होतात.

तथापि दुर्बीण म्हणजे निर्धोक, हेही खरे नव्हे. २०१८ च्या डच चाचणीत दुर्बिणीचा मार्ग आणि टप्प्याटप्प्याने केलेली लहान छेदाची शस्त्रक्रिया यांत मृत्यू व गंभीर गुंतागुंत जवळपास सारखीच आढळली. दुर्बिणीचा लाभ असा, की स्वादुरस बाहेर झिरपत राहण्याचा त्रास ३२ टक्क्यांऐवजी ५ टक्के रुग्णांनाच झाला. रक्तस्रावाचे भय दोन्हीकडे असते.

खर्चाविषयी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे आधीच चौकशी करावी. सर्वांत कळकळीने सांगावयाचे ते हे, की धातूचा स्टेंट साधारणतः तीन-चार आठवड्यांनी सीटी स्कॅन पाहून काढावा लागतो, आणि तो राहून गेल्यास जठराच्या अस्तरात रुतू शकतो किंवा रक्तवाहिनीस इजा करू शकतो. म्हणून त्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून घ्यावी, आणि भूक लागू लागली, वेदना गेली, शेतीची कामे खोळंबली, तरी त्या दिवशी रुग्णालयात जावेच.