जंगलात पायी फिरताना

२० नोव्हेंबर २०२१. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात व्याघ्रगणनेसाठी पायी सर्वेक्षण सुरू होतं. एक महिला वनरक्षक वनमजुरांना घेऊन निघाली होती. पुढे वाटेवर वाघीण दिसली. सगळे थांबले, बराच वेळ वाट पाहिली आणि मग झाडीतून वळसा घेतला. वाघिणीने तिथेच गाठलं. वनरक्षकाचा जीव गेला. उतावीळपणा कुणीही केला नव्हता, म्हणूनच ही घटना जास्त चटका लावते.

पायाखालचा धोका मात्र बराचसा टाळता येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, पण ते रुग्णालयातच घ्यावं लागतं. तोवर चिरा देऊ नये, दोरी आवळू नये. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि गाडी गाठावी. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला होतो आणि अनेकदा दुखतही नाही. त्यामुळे कॅम्पवर खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हवीच. सकाळी बूट उलटा करून दोनदा आपटायचा, मगच पाय घालायचा.

धोका उन्हाचाही असतो. ताडोबाच्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. सोबती असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजावा. त्याला लगेच सावलीत न्यावं, अंगावर पाणी ओतावं.

आणि हल्ला डोळ्यांदेखत पाहिलेल्यांचं काय? रात्री दचकून उठणं, जंगलाच्या त्या भागात जायला पाय न धजणं हा भित्रेपणा नव्हे, मनाला झालेली जखम आहे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही.