बोहाड्याचे मुखवटे

पालघर व नासिक या जिल्ह्यांच्या सह्याद्रिलगतच्या आदिवासी पट्ट्यात वापरले जाणारे देवदेवता व राक्षस यांचे नृत्यमुखवटे. बोहाडा (भोवाडा, भवाडा) हा जव्हार, मोखाडा, सुरगाणा, पेठ इ. तालुक्यांतील कोकणा, वारली, महादेव कोळी आदी जमातींचा सोंगांचा उत्सव होय. होळीनंतर, पावसाळ्यापूर्वीच्या मोकळ्या दिवसांत तो गावोगाव भरतो. मशालींच्या उजेडात, सांबळाच्या ठेक्यावर एकेक सोंग नाचत येते. आरंभी गणपती व शारदा, मध्ये मारुती, नरसिंह, रावण, वेताळ इत्यादी आणि अखेरीस देवीकडून महिषासुराचा वध, असा सामान्य क्रम असतो.

पूर्वीचे मुखवटे मुख्यत्वे लाकडाचे असत. एका खोडातून कोरलेला मुखवटा कित्येक वर्षे टिके. मात्र तो जड असल्याने डोक्याला फडके गुंडाळून त्यावर घट्ट बांधावा लागे. पुढे कागदाचा मुखवटा रूढ झाला. त्यासाठी मातीचा साचा घडवून वाळवितात, त्यावर खळ लावलेल्या कागदाचे थर चढवितात आणि ते सुकल्यावर साचा काढून घेऊन मुखवटा रंगवितात. रावणाच्या मुखवट्यात मधल्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना इतर तोंडांची ओळ जोडलेली असते. तिचा तोल सांभाळून नाचणे हीच नाचणाऱ्याची खरी कसोटी होय. कागदामुळे हे ओझे हलके झाले, तरी लाकडावरील छिन्नीच्या घावांतून येणारा ठसठशीतपणा रंगाने भरून निघत नाही.

मुखवटा घडविणारा व तो धारण करणारा हे बहुधा भिन्न असतात. सोंगाचा मान अनेक गावांत विशिष्ट घराण्याकडे पिढीजात चालतो. त्या सोंगाची चाल व हातवारे मुलगा वडिलांचे पाहूनच शिकतो. त्यासाठी लिखित संहिता नसते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्वाकिउटल लोकांतही मुखवटा व त्याचे नृत्य ही कुळाची मालमत्ता मानतात. तेथे १८८५ ते १९५१ या काळात ‘पॉटलॅच’ हा समारंभच कायद्याने निषिद्ध होता आणि अनेक मुखवटे संग्रहालयांत गेले. बोहाड्यावर अशी बंदी आली नाही. त्याच्यापुढील अडचण वेगळी आहे. रोजगारासाठी कुटुंबे गाव सोडून जातात. उत्सवाच्या रात्री मुलगा गावी नसला, तर घरात मुखवटा असूनही चाल खंडित होते.

भिंतीवर टांगण्याजोगे लहान मुखवटे आता हस्तव्यवसाय म्हणून विकले जातात. त्यामुळे कारागिराच्या घरी साचा, खळ व रंग यांचे काम चालू राहते, ही जमेची बाजू होय. परंतु विक्रीच्या मुखवट्याला श्वासासाठी छिद्रे लागत नाहीत की बांधण्यासाठी दोरीही लागत नाही. आतील बाजू कपाळावर व गालांवर कशी बसवावी, हे ज्ञान नाचणाऱ्यासाठी मुखवटा घडविताना मिळते. केवळ शोभेच्या वस्तू करणाऱ्याच्या हाती ते उतरणे कठीण आहे.