मुद्दाम पाडलेले ओरखडे

लिनक्सवर सीडीपॅरानॉइया नावाचा एक छोटा प्रोग्राम आहे. गाण्यांच्या सीडीवरून गाणी संगणकात उतरवून घेणं, एवढंच त्याचं काम. टर्मिनलवर त्याचं माहितीपान उघडलं की बरंच खाली एक यादी लागते. काम चालू असताना प्रगती दाखवणाऱ्या पट्टीच्या टोकाला विरामचिन्हांचा एक चेहरा दिसत असतो, आणि कोणता चेहरा काय सांगतो ते या यादीत दिलंय. :-) म्हणजे सगळं सुरळीत. :-| म्हणजे चाललंय, पण वाचन बरंच डगमगतंय. :-/ म्हणजे वाचन जागेवरून हळूहळू सरकतंय. :-( म्हणजे ओरखडा सापडला. आणि ;-( म्हणजे दुरुस्तीचा नाद सोडला.

या यादीचं मला जुनं वेड आहे, आणि तिच्यात जे नाही त्यामुळे ते वाढत गेलं. या शतकाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत बड्या संगीत कंपन्यांनी लाखो सीडींवर प्रत काढू न देणारी ‘संरक्षणं’ बसवली, त्यांवर पैसा ओतला, खटल्यांच्या धमक्या दिल्या. लिनक्सवाले त्या सीडींच्या प्रती ज्या प्रोग्रामने काढत होते, त्याच्या यादीत मात्र ‘कुलूप आहे’ असं सांगणारा एकही चेहरा नाही. प्रोग्रामच्या लेखी सगळे ओरखडेच. काही वापराने पडलेले, काही कारखान्यात मुद्दाम पाडलेले.

प्रोग्राम लिहिणारा ख्रिस्तोफर माँटगोमेरी. त्या वर्तुळात त्याला सगळे माँटी म्हणतात. ऑग व्हॉर्बिस हा मुक्त ध्वनिप्रकारही त्याचाच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हायको आइसफेल्ट यांच्या ‘सीडीडीए-टू-वेव्ह’ या प्रोग्रामला ठिगळं लावता लावता त्याचं वेगळंच काम उभं राहिलं. कुलपांचं तेव्हा नावही नव्हतं. त्याचं भांडण होतं ड्राइव्हशी.

ते भांडण समजण्यापुरतं थोडं तंत्र. फिलिप्स आणि सोनीच्या ‘रेड बुक’ मानकात आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा, डाव्या-उजव्या बाजूंचे वेगळे. एका सेकंदाचे ७५ तुकडे पडतात आणि एका तुकड्यात २,३५२ बाइट मावतात. माहितीच्या सीडीवर प्रत्येक तुकड्याच्या आरंभी त्याचा पत्ता लिहिलेला असतो. गाण्याच्या सीडीवर त्या २,३५२ बाइटांत निव्वळ गाणं. पत्ता बाजूच्या उपवाहिनीत. त्यामुळे ही पानांवर आकडे न घातलेली वही होते. ‘अमुक जागेपासून वाच’ म्हटलं की ड्राइव्ह थोडं अलीकडून किंवा पलीकडून सुरू करतो आणि तीच जागा म्हणून बेधडक हवाली करतो. असे तुकडे जोडले की सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येतो.

माँटीने संशयी माणसाचा मार्ग धरला. प्रत्येक भाग मागच्या भागावर थोडा चढवून वाचायचा, दोन्ही वाचनं जुळतील तिथेच सांधा घालायचा, जुळली नाहीत तर परत वाचायचं. सीडीच्या अनुक्रमणिकेवरही त्याचा भरवसा नाही. त्याच्या कोडमध्ये ती तपासणारा एक भाग आहे. एखादं गाणं शून्याच्याही आधी सुरू होतं असा दावा सीडीने केला, किंवा पुढचं गाणं मागच्याच्या अगोदर येतं असं सांगितलं, तर प्रोग्राम तसं कळवतो, आकडा ठाकठीक करतो आणि कामाला लागतो. सीडीवर गाण्यांनंतर माहितीचं वेगळं सत्र, म्हणजे स्वतंत्रपणे लिहिलेला भाग, असेल, तर दोन सत्रांमधली ११,४०० तुकड्यांची जागा वजा करून शेवटच्या गाण्याची हद्द तो स्वतःच आखतो.

आता कुलपांकडे. इस्राएलच्या मिडबारचं ‘कॅक्टस डेटा शील्ड’, सोनीच्या सीडी छापणाऱ्या कंपनीचं ‘की-टू-ऑडिओ’, अमेरिकेत ॲरिझोनातल्या सनकॉमची आणखी काही. नावं पुष्कळ असली तरी सुरुवातीच्या युक्त्या मुख्यतः दोन. घरातला सीडी प्लेअर पहिलं सत्र पाहून वाजवायला लागतो, संगणकाचा ड्राइव्ह शेवटचं सत्र शोधतो. म्हणून शेवटच्या सत्रात खोटी अनुक्रमणिका घालायची, ही पहिली. दुसरी म्हणजे आवाजाच्या नमुन्यांत दुरुस्त न होणाऱ्या चुका पेरायच्या. प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून मधली जागा अंदाजाने भरतो, कानाला फरक कळत नाही. संगणकात उतरवलेल्या गाण्यात मात्र ती चूक तशीच येते.

दुसऱ्या युक्तीचा मला अजून राग येतो. सीडीवर चुका दुरुस्त करण्याची जी सोय असते, ती वापराने पडणाऱ्या ओरखड्यांसाठी राखलेली शिल्लक आहे. ती गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधीच कारखान्यात खर्च करायची आणि वर पूर्ण किंमत घ्यायची!

बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये नॅटली इम्ब्रुलियाचा ‘व्हाइट लिलीज आयलंड’ ब्रिटनमध्ये कॅक्टससह विक्रीला आला आणि तक्रारींनंतर कंपनीवर सीडी बदलून देण्याची वेळ आली. २००२ मध्ये सेलीन दिआँच्या ‘अ न्यू डे हॅज कम’ने युरोपात काही ॲपल संगणक असे अडवले, की सीडी बाहेर काढणंही मुश्कील झालं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बातमी जगभर पसरली की सीडीच्या कडेला साध्या मार्करने काळी रेघ ओढली की खोटं सत्र झाकलं जातं आणि कुलूप गळून पडतं. मानकाचा एक जनक असलेल्या फिलिप्सने अशा चकत्यांना कॉम्पॅक्ट डिस्कचं बोधचिन्ह लावायलाच हरकत घेतली.

लिनक्सवर या सीडी सरसकट उतरत होत्या असं नाही. ही कुलपं फसवत ती ड्राइव्हला, आणि ड्राइव्ह फसला की वर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम आहे याला फारसा अर्थ उरत नाही. एक ड्राइव्ह हटून बसे, दुसऱ्यावर तीच सीडी :-) दाखवत सरळ उतरे. २००२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ॲलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने या कुलपांची चिरफाड करून निष्कर्ष काढला, की ड्राइव्ह आणि प्रोग्राम यांतल्या साध्या सुधारणांनी ही कुलपं निकामी होतील. चुकांवर बेतलेलं कुलूप चुका सुधारल्या की उरत नाही.

हाल्डरमनचं नाव लक्षात ठेवा. पुढची कथा बरीचशी त्याच्याभोवती फिरते.

ड्राइव्हला फसवणं जमेना, तेव्हा कंपन्यांनी संगणकालाच हाताशी धरलं. सनकॉमचं ‘मीडियामॅक्स’ सप्टेंबर २००३ मध्ये अँथनी हॅमिल्टनच्या एका सीडीवर आलं. सीडीवरची गाणी साधी, मानकाबरहुकूम. जोडीला एक प्रोग्राम: विंडोजमध्ये सीडी घातली की ऑटोरनने आपोआप सुरू व्हायचं, आत एक ड्रायव्हर बसवायचा, आणि कोणी गाणी उतरवायला लागलं की त्या ड्रायव्हरने वाचनात खोडा घालायचा. ऑक्टोबरमध्ये हाल्डरमनने लिहिलं, की सीडी घालताना शिफ्टची कळ दाबून धरा. ऑटोरन होत नाही, ड्रायव्हर बसत नाही, संरक्षण संपलं. लिनक्सवर तर शिफ्टचीही गरज नाही, कारण तो प्रोग्राम तिथे चालतच नाही.

सनकॉमचे शेअर कोसळले. ९ ऑक्टोबरला कंपनीने खटला भरण्याची घोषणा केली, नुकसानीचा आकडा एक कोटी डॉलरच्या वर सांगितला, आणि दुसऱ्याच दिवशी माघार घेतली. शिफ्टची कळ दाबायला सांगणाऱ्यावर खटला, हे वाचून लोक हसत होते. पण त्यामागचा कायदा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १९९८च्या अमेरिकी कायद्याने डिजिटल संरक्षण ओलांडणं हाच स्वतंत्र अपराध ठरवला होता. त्या कायद्याची किंमत दोन वर्षांनी दिसली.

३१ ऑक्टोबर २००५ रोजी विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी जाहीर केलं, की सोनी बीएमजीच्या एका सीडीने आपल्या संगणकात रूटकिट, म्हणजे स्वतःला लपवून बसणारा प्रोग्राम, बसवलंय. त्या सीडीवरचं कुलूप ‘एक्ससीपी’ ब्रिटनच्या फर्स्ट फोर इंटरनेट कंपनीने बनवलेलं. ते स्वतःला दडवण्यासाठी एका ठरावीक अक्षरगटाने सुरू होणारी प्रत्येक फाइल मालकापासून लपवत असे, मग ती कुणाचीही असो. थोड्याच दिवसांत त्याच आडोशाला दडणारे व्हायरस फिरू लागले. ते काढून टाकायला कंपनीने जे साधन दिलं, त्याने संगणकात आणखी मोठं भगदाड पडतं, हे हाल्डरमन आणि त्याचे प्राध्यापक एड फेल्टन यांनी दाखवलं. एक्ससीपी असलेली ५२ शीर्षकं परत मागवावी लागली. बनलेल्या सुमारे ४७ लाख सीडींपैकी २१ लाखांच्या आसपास विकल्या गेल्या होत्या.

या प्रकरणातले दोन तपशील मला सगळ्यांत मोलाचे वाटतात. एक असा: हाल्डरमन आणि फेल्टन यांना एक्ससीपीतला धोका रुसिनोविच यांच्या जवळजवळ महिनाभर आधी कळला होता. ते गप्प राहिले, कारण बोलल्यास आपल्यावर खटला होईल का, हे वकिलांना विचारण्यात तो महिना गेला. त्यांनी स्वतः अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला हे कळवलं. त्या महिन्यात ज्यांनी पैसे मोजून सीडी घेतल्या, त्यांच्या संगणकांत तो प्रोग्राम बसत राहिला. २००६ मध्ये सुरक्षेची तपासणी करणाऱ्यांना अशा सीडींपुरती त्या कायद्यातून सूट मिळाली, वरातीमागून घोडं.

दुसरा तपशील वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. एक्ससीपीच्या पोटात शोधकांना मुक्त सॉफ्टवेअरचे तुकडे सापडले. त्यांतला एक व्हीएलसी प्लेअरमधला, जॉन लेक योहान्सन आणि साम ओसेव्हार यांच्या नावावरचा. योहान्सन म्हणजे डीव्हीडीचं कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रामशी ज्याचं नाव कायमचं जोडलं गेलं तो नॉर्वेचा पोरगा. लिनक्सवर स्वतःची डीव्हीडी पाहता यावी म्हणून ते केलं, हा त्याचा बचाव होता, आणि २००३ मध्ये तिथल्या न्यायालयांनी त्याला दोनदा निर्दोष ठरवलं. व्हीएलसीतला हा तुकडा मात्र ॲपलच्या गाण्यांचं कुलूप उघडणारा, आणि जीपीएल परवान्याखालचा: वापरा, पण वापरल्यास तुमचा कोडही खुला करा. कुलूप विकणाऱ्यांनी तो कोड उचलला, उलटा फिरवून गाण्यांना ॲपलचं कुलूप लावण्यासाठी आपल्या प्रोग्राममध्ये घातला, आणि परवान्याकडे काणाडोळा केला. दुसऱ्यांना कॉपीराइट शिकवायला निघालेल्यांच्या सीडीवर हा ऐवज होता.

हाल्डरमनचा धागा पुढे आपल्याकडेही येतो. २०१० मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद आणि हॉलंडचे रॉप खोंग्राइप यांच्याबरोबर त्याने भारतीय मतदान यंत्रातल्या त्रुटी दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यासासाठी वापरलेलं यंत्र मुंबईच्या जुन्या कस्टम हाउसमधून गेलेलं होतं. निवडणूक आयोगाने त्यांचे निष्कर्ष फेटाळले, आणि ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी हैदराबादला जाऊन प्रसाद यांना यंत्राच्या चोरीच्या आरोपाखाली अटक केली. यंत्र हाती कसं आलं हा प्रश्न गैर नाही. पण बोट दाखवणाऱ्याची आधी चौकशी, ही रीत मला सीडीच्या गोष्टीतून ओळखीची होती.

पुन्हा कुलपांकडे. भारतात २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम आलं. संरक्षण ओलांडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड; मात्र ते हक्कभंगाच्या इराद्याने केलेलं असलं पाहिजे. कलम ५२ खाजगी वापरासाठी रास्त व्यवहाराची मुभा देतं. म्हणजे विकत घेतलेल्या सीडीची स्वतःपुरती प्रत काढणाऱ्याला आपला कायदा अमेरिकी कायद्याइतका धारेवर धरत नाही. ही त्यातली शहाणपणाची जागा आहे, आणि ती कुणाच्या दबावाखाली बुजू नये असं मला वाटतं.

संगीत कंपन्यांनी ही कुलपं सोडून देऊनही आता बराच काळ लोटला. सीडी मात्र कपाटात आहेत आणि नव्या लॅपटॉपना ड्राइव्ह नसतो. तेव्हा बाहेरून जोडायचा एखादा ड्राइव्ह घ्या, गाणी उतरवा आणि फ्लॅक या ध्वनिप्रकारात ठेवा. त्यात आवाजाचा एक बिटही हरवत नाही. एखादी सीडी अडून बसलीच तर तिच्याशी झटापट करत बसू नका, शेजाऱ्याचा ड्राइव्ह मागून आणा.