क्लिपलेस पेडल : पकडीपेक्षा सुटका महत्त्वाची

शर्यतीच्या सायकलींवर पाय घट्ट बसवण्यासाठी पूर्वी पेडलला धातूचा पिंजरा आणि चामडी पट्टा जोडलेला असे, आणि थांबण्यापूर्वी तो पट्टा हाताने सैल करावा लागे. १९८४ मध्ये ‘लूक’ या फ्रेंच कंपनीने स्कीचे बूट धरून ठेवणाऱ्या यंत्रणेच्या धर्तीवर नवे पेडल आणले, आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनो यांनी ते वापरून ‘तूर द फ्रान्स’ जिंकली. पिंजरा नसलेल्या या ‘क्लिपलेस’ पेडलमध्ये बुटाच्या तळाशी क्लीट नावाचा तुकडा बसवतात. तो खाली दाबला की स्प्रिंगची पकड त्याला धरते आणि टाच बाहेर वळवली की सोडते.

पेडल वर ओढता आल्याने सायकलस्वाराची शक्ती वाचते, असा समज रूढ आहे. परंतु थॉमस कॉर्फ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जाणीवपूर्वक वर ओढण्याची पद्धत ऊर्जेच्या दृष्टीने सर्वांत खर्चिक ठरली. खरा लाभ स्थैर्याचा आहे, कारण पाय घसरत नाही आणि चवडा दर फेऱ्याला त्याच जागी राहतो. मात्र मिनिटाला ९० फेरे धरले तर गुडघा तासात ५,४०० वेळा वाकतो, आणि क्लीट तिरकी बसली असेल तर तेवढ्याच वेळा त्याला पीळ पडतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण केलेल्या, सुमारे ४,८०० किलोमीटरच्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’सारख्या प्रवासात असा दोष किती महाग पडेल, हे सहज लक्षात येते. म्हणूनच पकड न सुटता टाचेला थोडे हलू देणारी मुभा, म्हणजे ‘फ्लोट’, नवशिक्याने अवश्य घ्यावी. शिमानो कंपनीच्या, रस्त्यावरच्या सायकलींसाठी असलेल्या तीन स्क्रूंच्या क्लीटमध्ये पिवळ्या रंगाची क्लीट ६ अंश फ्लोट देते, तर लाल क्लीट मुळीच देत नाही.

बालाघाटसारख्या जिल्ह्यात, जिथे पावसाळ्यात धानशेतीचा चिखल रस्त्यावर येतो आणि बैहरकडच्या चढावर कधी उतरून चालावेही लागते, तळव्याबाहेर उठून राहणारी ही तीन स्क्रूंची क्लीट गैरसोयीची ठरते. शिमानोने १९९० मध्ये आणलेली दोन स्क्रूंची क्लीट तळव्याच्या खाचेत बसते, त्यामुळे ती घालून नीट चालता येते आणि चिखलही तुलनेने कमी अडतो. येथे तीच घ्यावी.

शिकताना बहुतेक जण थांबण्याच्या क्षणी पडतात, कारण घाबरलेला माणूस पाय वर उचलतो, तर पकड मात्र टाच वळवल्यावरच सुटते. यासाठी स्प्रिंगचा ताण किमान ठेवावा, भिंतीचा आधार घेऊन दोन्ही पायांचा सराव करावा, मग मोकळ्या मैदानात फिरावे आणि थांबण्याच्या बऱ्याच आधी एक पाय सोडवावा. ही क्रिया विचार न करता होऊ लागेपर्यंत बाजारातील गर्दीत साधे सपाट पेडलच वापरावे.