पेटीतला सूर्य

बिअर्डेड ड्रॅगन या नावाने जगभरच्या हौशी पाळकांना परिचित असलेला पोगोना व्हिटिसेप्स हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या प्रदेशातला. शेपटीसकट दीड-दोन फूट लांबीचा आणि बिथरला की गळ्याखालची काटेरी दाढी फुगवून काळी करणारा. ऑस्ट्रेलिया आपल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची व्यापारी निर्यात होऊ देत नाही आणि न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात तो पाळण्यासही परवाना लागतो, त्यामुळे अन्यत्र विकले जाणारे सरडे बंदिवासातल्या पैदाशीचे असतात.

पूर्ण वाढलेल्या एका सरड्यासाठी १२० सें.मी. लांब, ६० सें.मी. रुंद व तितकीच उंच पेटी हे माप आता सर्वसाधारणपणे किमान मानले जाते. चहूबाजूंनी काच असलेल्या टाकीपेक्षा प्लायवूडची पेटी सरस ठरते, कारण लाकूड उष्णता धरून ठेवते आणि तीन बाजू बंद असल्याने प्राण्याला आडोसा लाभतो. सांधे सिलिकॉनने बुजवावेत, दर्शनी बाजूस सरकत्या काचा बसवाव्यात आणि हवेचे झरोके समोरासमोर न ठेवता एक गार टोकाला खाली व दुसरा तापत्या टोकाला वर काढावा, म्हणजे तापलेली हवा वरून निसटताना ताजी हवा आपसूक आत ओढली जाते. एका टोकाला दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग ४० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि दुसरे टोक २५ अंशांच्या जवळपास, असा तापमानाचा उतार साधला की सरडा स्वतःच जागा बदलून शरीराचे तापमान राखतो.

इथपर्यंतचे काम कोणताही बरा सुतार करून देईल. पेटीची खरी परीक्षा होते ती प्रकाशात. सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरण, म्हणजे साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण, त्वचेतील एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यावर पडले की त्यापासून ड-३ जीवनसत्त्वाची घडण सुरू होते; हे जीवनसत्त्व नसेल तर अन्नातले कॅल्शियम अंगी लागत नाही, जबडा मऊ पडतो आणि पाय वाकतात. खिडकीच्या साध्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत, म्हणून पेटी उन्हाच्या खिडकीत ठेवून भागते ही समजूत प्राण्याच्या जिवावर बेतणारी आहे. गॅरी फर्ग्युसन व सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत रानातले सरडे व साप प्रत्यक्ष किती अतिनील अंगावर घेतात हे मोजून त्यांचे चार पट्टे पाडले. त्यांपैकी तिसऱ्या पट्ट्यात, म्हणजे उघड्या वा अर्धवट उन्हात बसणाऱ्यांत, दिवसभराचा सरासरी अतिनील निर्देशांक १ ते २.६ आणि कमाल २.९ ते ७.४ असा येतो. बिअर्डेड ड्रॅगनची गणना याच पट्ट्यात होते.

हा निर्देशांक पेटीत उतरवायचा तर टी-५ जातीची अतिनील नळी लांबीच्या निम्म्या भागापुरती आणि उष्णतेच्या दिव्याच्याच टोकाला बसवावी लागते, कारण रानात ऊब आणि अतिनील ही दोन्ही एकाच सूर्याकडून मिळतात आणि त्यांची फारकत केली तर सरडा उबेला बसून किरणांना मुकतो. नळीवर बारीक जाळी असली की किरणांचा बराच हिस्सा तिथेच अडतो, अंतर वाढले की तीव्रता झपाट्याने घटते, आणि सर्वांत फसवी गोष्ट ही की जुनी नळी डोळ्यांना लख्ख दिसत असतानाही तिचे अतिनील पार उतरलेले असू शकते. त्यामुळे अतिनील मापक हे उपकरण चैनीचे नसून गरजेचे आहे.

उष्णतेचे या सरड्याशी असलेले नाते अन्नपचनापुरते नाही, हेही येथे नोंदवण्याजोगे आहे. २०१५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार अंडी फार उष्ण जागी उबली, तर जनुकांनी नर असलेले पिल्लू मादी होऊन जन्मते, आणि अशा माद्या रानातही आढळल्या आहेत. पेटी बांधणाऱ्याला याचा थेट उपयोग नाही. पण एक-दोन अंशांकडे काणाडोळा करण्याची सवय मात्र यामुळे मोडावी.

उरलेल्या मांडणीत फांद्या, लपण्याची एक कपार आणि माती-वाळूचा थर पुरतो. उष्णतेचा दिवा चिनीमातीच्या होल्डरमध्ये, जाळीच्या आवरणात आणि थर्मोस्टॅटला जोडूनच लावावा, आणि रात्री प्रकाश देणारा कोणताही दिवा चालू ठेवू नये. ऊन खाण्याचे जड दगड वाळूवर न ठेवता थेट तळावर टेकवून पक्के करावेत, कारण हा सरडा जमीन उकरतो आणि खालची वाळू सरकली की दगड त्याच्याच अंगावर कलंडतो.