शंभर युरो, तीन घरं आणि एक सेंट

समजा, वाल्डॉर्फमधल्या तीन मराठी घरांनी मिळून गणपतीचं सामान आणलं. बिल १०० युरो. प्रत्येकी ३३.३३, पण तिन्हींची बेरीज ९९.९९. उरलेला सेंट कुणी भरायचा?

सेंटमध्ये मोजलं तर आपल्याकडे १०,००० हा पूर्णांक आहे. पूर्णांकांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार करा, उत्तर पूर्णांकच येतं. भागाकाराची मात्र अशी हमी नाही. १०,०००/३ ही परिमेय संख्या आहे. तिला तीनने गुणलं की १०,००० जसेच्या तसे परत मिळतात. परिमेय संख्यांमध्ये शून्याने भागणं सोडलं, तर चारही क्रिया बिनधास्त करता येतात.

मग संगणकात सगळीकडे अंश-छेदाच्या जोड्याच का ठेवत नाहीत? ठेवता येतात, पण छेद भराभर फुगतात. १/२ + १/३ + १/५ + १/७ एवढ्यातच उत्तर २४७/२१० होतं. शिवाय एक तृतीयांश सेंट कुणाच्या खात्यात जमा करता येत नाही.

म्हणून कुठेतरी तडजोड येतेच, आणि ती प्रत्येक भाषेत वेगळी असते. ७/२ चं उत्तर जावा ३ देते, कारण ती पूर्णांकानंतरचा भाग कापून टाकते. इथल्या सॅपची (इथे म्हणताना 'एस-आ-पे') आबाप ही भाषा, सगळे चल पूर्णांक असतील तर, ४ देते, कारण ती जवळच्या पूर्णांकाकडे जाते आणि अर्धा असेल तर वर. आता २/३ × ३ करून पाहा. जावात २/३ चे ० होतात, म्हणून शेवटी ०. आबापमध्ये २/३ चा १ होतो, म्हणून शेवटी ३. खरं उत्तर २, आणि ते दोघींनाही मिळालं नाही!

तेच २ × ३ / ३ असं लिहा, दोन्हीकडे २ येतात. परिमेय संख्यांमध्ये हा क्रम बदलल्याने काहीच बिघडत नाही. पूर्णांकांवर गोल करत गेलात की बिघडतं. शाळेत शिकलेलं त्रैराशिक आठवतंय? भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'लीलावती'तही रीत तीच: आधी फळाला इच्छेने गुणा, मग प्रमाणाने भागा. भागाकार शेवटी, एकदाच.

सेंटचं उत्तर बाकीत आहे: १०,००० = ३ × ३,३३३ + १. दोन घरांनी ३३.३३ द्यायचे, एकाने ३३.३४. जादा सेंट कुणाचा, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.